दाराच्या खटक्याची कुळकथा

सेल्फ-क्लीनिंग ओव्हन बिघडला की बहुतेक वेळा दारापाशी बिघडतो. 'क्लीन'चं बटण दाबलं, कुलपाची छोटी मोटर घरघरली, थांबली, पुन्हा घरघरली आणि पडद्यावर एफ अक्षरापुढे एखादा आकडा लुकलुकायला लागला. दार डोळ्यांना बंद दिसतं, हाताला बंद लागतं, ओव्हनला मात्र ते पटत नाही. दादरा-नगर हवेलीतल्या राखोलीत असा ओव्हन असलेलं घर शोधावंच लागेल. न्यू जर्सीतल्या मराठी घरांत तो शेगडीखाली आयताच असतो, आणि पुष्कळ ठिकाणी त्याचा उपयोग कढया आणि तवे ठेवायला होतो. पण त्याच्या दाराआड बसलेला तो दोन-तीन सेंटिमीटरचा काळा स्विच राखोलीला अनोळखी नाही. त्याची सगळी भावकी इथे कामाला आहे.

सिल्वासाहून मधुबन धरणाकडे निघालं की दमणगंगेच्या काठाला राखोली लागते. १९५४ साली पोर्तुगीज गेले तेव्हा दादरा-नगर हवेलीत शेती आणि जंगल हाच मुख्य व्यवहार होता. १९६१ मध्ये हा प्रदेश रीतसर भारतात आला आणि पुढच्या दशकांत करसवलतींच्या ओढीने वापीच्या बाजूने एकेक शेड उभी राहत गेली. सूत, प्लास्टिक, केबल. यातलं प्लास्टिक मोल्डिंगचं मशीन जरा उभं राहून बघण्यासारखं असतं. ऑपरेटर सरकतं दार ढकलतो, गरम माल काढून खोक्यात टाकतो, दार ओढून घेतो, 'खट्' होतं आणि साचा मिटतो. साचा मिटतो तो पन्नास, शंभर, दोनशे टनांच्या जोराने. त्या 'खट्'ला कामगार 'गेटचा लिमिट' म्हणतात. तो दाबला गेल्याशिवाय साचा हलत नाही. ओव्हनच्या दारातला स्विच आणि हा लिमिट यांचं काम एकच: माणूस सांगतो 'दार लावलं', तेव्हा ते खरं आहे का, याची स्वतः खात्री करून घेणं.

दुरुस्तीची वाट आधी सांगून टाकतो, कारण कुळकथेतली बरीच पात्रं तिच्यातच भेटतात. एमसीबी खाली. मग दार. बिजागरी सैल होऊन दार दोन-तीन मिलिमीटर लोंबलंय का, गॅस्केट जागेवरून सुटून मध्ये आलीय का, स्विचची दांडी जुन्या तुपाच्या चिकट थराने आतच अडकलीय का, हे बघायचं. निम्म्या वेळा स्विच निर्दोष असतो आणि दार गुन्हेगार निघतं. त्यानंतर स्विच बाहेर काढून त्याच्या टोकांवरच्या वायरी सोडवायच्या. टोकांवर सीओएम, एनओ, एनसी अशी बारीक अक्षरं असतात. मल्टिमीटर बझरवर ठेवून सीओएम आणि एनओला लावला, दांडी दाबली, तर बझर वाजला पाहिजे आणि सोडली की गप्प झाला पाहिजे. दाबूनही वाजत नसेल तर स्विच गेला. सोडूनही वाजतच राहिला तर आतले संपर्क एकमेकांना चिकटलेत, आणि हा प्रकार पहिल्यापेक्षा वाईट. बहुतेक मॉडेलांत असे दोन स्विच असतात. एक 'दार लागलं' सांगतो, दुसरा 'कुलूप लागलं' सांगतो. दोघांचं म्हणणं जुळलं नाही की मोटर बिचारी कुलूप पुढेमागे फिरवत बसते.

या पायरीवर आपल्याकडचा मिस्त्री हमखास एक वाक्य बोलतो: 'डायरेक्ट करून देऊ का?' म्हणजे स्विचच्या दोन वायरी एकमेकींना जोडून टाकायच्या. ओव्हनला कायम वाटत राहील की दार लागलेलं आहे. पाच मिनिटांचं काम, पार्टचा खर्च शून्य. या स्विचच्या सगळ्या इतिहासात हेच वाक्य मला पुन्हा पुन्हा ऐकू येतं. त्याची प्रत्येक पिढी मागच्या पिढीला कुणीतरी 'डायरेक्ट' केलं म्हणून जन्माला आलेली आहे.

मूळपुरुष वीज येण्याच्या आधीचा आहे. इंग्लंडमध्ये जॉन सॅक्सबी याने १८५६ साली रेल्वेचे सांधे आणि सिग्नल एकमेकांत अडकवण्याचं पेटंट घेतलं. सांधा नीट बसला नसेल तर सिग्नलचा खटका ओढलाच जाऊ नये, अशी लोखंडी पट्ट्यांची जुळणी होती ती. सांधेवाल्याच्या लक्षावर आणि सचोटीवर विसंबणं त्यात संपलं. १८८९ मध्ये आयर्लंडात आर्मा इथे सहलीच्या गाडीचा भीषण अपघात झाला, आणि त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने प्रवासी मार्गांवर असं इंटरलॉकिंग सक्तीचं केलं. आपल्याकडे इंटरलॉक केलेल्या फाटकांवर हेच तत्त्व चालतं. फाटक पूर्ण पडून त्याला कुलूप बसल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळत नाही. फाटकापाशी खोळंबलेला मोटारसायकलवाला खालून वाकून जातो तेव्हा तो दीडशे वर्षांच्या विचाराखालून वाकून जात असतो, पण त्याला घाई असते.

गिरणीत मात्र गोष्ट कुंपणावरच अडली. मुंबईत गिरण्या सुरू झाल्या त्या १८५० च्या दशकात. छताखालून फिरणारा लोखंडी दांडा, त्यावरून खाली येणारे चामडी पट्टे, आणि त्या पट्ट्यांच्या शेजारून धोतर नेसून वावरणारी माणसं. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने धोकादायक यंत्रांना कुंपण घालायला सांगितलं. हा कायदा लागायचा फक्त शंभर किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यांना. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन दिलं, त्याची आठवण आपण रविवारच्या सुट्टीसाठी काढतो. त्याच मागण्यांमध्ये कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचा जायबंदी झालेल्याच्या उदरनिर्वाहाची सोय व्हावी, असंही होतं. ही मागणी रविवारइतकी लक्षात राहिली नाही. नुकसानभरपाईचा कायदा यायला १९२३ उजाडलं.

पुढे १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टच्या २१ व्या कलमाने सांगितलं की यंत्र चालू असेतोवर कुंपण जागेवर असलंच पाहिजे. २२ व्या कलमात तर चालू यंत्राजवळ जाणाऱ्या प्रशिक्षित माणसाने अंगाबरोबर बसणारे कपडे घालावेत आणि ते मालकाने पुरवावेत, इथपर्यंत तपशील होता. शंभर वर्षांपूर्वीचं धोतर त्या कलमात अडकलेलं दिसतं. पण कुंपणाचा दोष असा की ते चार बोल्ट काढले की सुटतं, आणि सुटल्याचं यंत्राला कळत नाही. यंत्र तसंच फिरत राहतं.

कुंपणाला यंत्राशी बोलायला लावणं आधी जमलं ते लिफ्टमध्ये. मजल्यावरचं दार उघडं राहायचं, लिफ्ट वर गेलेली असायची आणि माणूस सरळ विहिरीत पाय टाकायचा. अमेरिकेत डुलुथ गावच्या अलेक्झांडर माइल्स याने १८८७ साली दारं आपोआप लागण्याच्या यंत्रणेचं पेटंट घेतलं. त्यापुढची पायरी विजेची: प्रत्येक मजल्याच्या दाराला एक संपर्क, सगळे एका माळेत, आणि त्यातला एकही तुटला तर लिफ्ट जागच्या जागी. मुंबईकराला हे पुस्तकातून शिकावं लागलं नाही. जाळीच्या लिफ्टचं दार चौथ्या मजल्यावर कुणीतरी अर्धवट सोडून गेलं, की तळमजल्यावरचा माणूस बटण दाबून दाबून थकतो आणि मग मान वर करून ओरडतो, 'दार लावा हो!' मुंबईसाठी १९३९ सालीच लिफ्ट ॲक्ट झाला होता, आणि २०१७ मध्ये महाराष्ट्राने सरकते जिने धरून तो नव्याने केला. लिफ्ट अडली म्हणून आपण चिडतो तेव्हा खरं तर ती कायद्याने वागत असते.

तरीही लिफ्टचे आणि यंत्रांचे ते जुने संपर्क ढोबळ होते. दार हळूहळू लावलं तर तांब्याच्या पट्ट्याही हळूहळू जवळ यायच्या, मधल्या फटीत ठिणगी उडायची, पृष्ठभाग जळायचा आणि काही महिन्यांत पट्ट्या काळ्या पडायच्या किंवा चिकटून बसायच्या. यावरचा उपाय अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, फ्रीपोर्ट गावच्या बर्जेस बॅटरी कंपनीत निघाला. तिथे काम करणाऱ्या मॅकगॉलने १९३२ साली मायक्रोस्विच बनवला. पुढे १९३७ मध्ये त्यासाठी वेगळी कंपनी निघाली आणि १९५० मध्ये ती हनीवेलने घेतली.

त्याची युक्ती उघडून बघितली तर इतकी साधी की हसू येतं. आत स्प्रिंगच्या पत्र्याची एक पातळ पट्टी ताणून वाकवलेली असते. दांडी हळूहळू दाबत गेलं तर एका बिंदूपर्यंत काहीच होत नाही. तो बिंदू ओलांडला की पट्टी एकदम उलटी होते, 'टिक्' आवाज येतो आणि संपर्क एका क्षणात जुळतो. जत्रेत मिळणारी पत्र्याची टिकटिकी आहे ना, अंगठ्याने दाबली की वाजणारी, तीच ही. तुम्ही दार सावकाश लावा, नाहीतर आपटा, आतला संपर्क त्याच्या त्याच वेगाने जुळतो आणि सुटतो. दांडीची हालचाल मिलिमीटरच्या अंशात असते, आणि तेवढ्यावर पंधरा-सोळा अँपिअरचा करंट थांबवता येतो. दाराचं खरंखोटं तपासणारा कारकून इतका स्वस्त आणि इतका छोटा मिळाल्यावर तो घराघरांत शिरला नसता तरच नवल.

घरात शिरल्यावर या कुळाला फाटे फुटले. अमेरिकेत जुन्या फ्रिजच्या खिट्टीच्या दारात मुलं अडकून गुदमरली, म्हणून १९५६ च्या कायद्याने दार आतून उघडता आलंच पाहिजे असं ठरलं, आणि चुंबकाची गॅस्केट आली. दार उघडल्यावर दिवा लावणारा तिथला स्विच म्हणजे या घराण्यातला सर्वांत निरुपद्रवी सदस्य. फ्रंट लोडिंग वॉशिंग मशीनने वेगळा मार्ग धरला. तिच्या दाराच्या कुलपात एक छोटा गरम होणारा तुकडा आणि दोन धातूंची पट्टी असते. धुणं संपल्यावर ती पट्टी निवून सरळ व्हायला मिनिट-दोन मिनिटं लागतात, तोवर दार सुटत नाही. गोव्यात वेर्ण्याला आयएफबीचा वॉशिंग मशीनचा कारखाना आहे, त्यामुळे हे कुलूप आपल्या अगदी शेजारच्या गावचं म्हणायला हरकत नाही. एवढं एक मिनिट थांबवत नाही म्हणून दाराची मूठ उपटणारे लोक मी पाहिलेत.

आणि वीज-स्विच काहीच नसलेला एक भाऊबंद तर आपल्या ओट्यावरच बसलेला असतो. १९५९ साली मुंबईत सुरू झालेल्या हॉकिन्सच्या कुकरचं झाकण आतून बसतं. आत दर चौरस सेंटिमीटरला एक किलो दाब असेल आणि तोंड अठरा सेंटिमीटरचं धरलं, तर झाकण अडीचशे किलोंच्या जोराने काठाला चिकटलेलं असतं. वाफ उतरेपर्यंत ते उघडण्याची कुणाची टाप नाही. धोका स्वतःच कुलूप झालेला आहे. माझ्या मते सगळ्या कुळातली ही सर्वांत देखणी कल्पना, कारण तिला 'डायरेक्ट' करता येत नाही.

मायक्रोवेव्ह ओव्हनवर मात्र सगळ्यांनी हात चालवून पाहिला. पर्सी स्पेन्सरने रेथिऑन कंपनीत १९४५ च्या सुमारास त्याचा शोध लावला. १९६७ मध्ये ओट्यावर मावणारं मॉडेल आलं आणि लहरी गळण्याची भीती घरोघर पोचली. अमेरिकेने १९६८ मध्ये किरणोत्सर्गाच्या नियंत्रणाचा कायदा केला आणि त्याखाली १९७१ पासून मायक्रोवेव्हला मानक लावलं. त्यातला एक नियम वाचताना लिहिणाऱ्याचा अनुभव जाणवतो. सेफ्टीचे इंटरलॉक किमान दोन हवेत, आणि त्यातला किमान एक लपवलेला हवा, बोट किंवा काडी घालून दाबता येणार नाही असा. म्हणजे कुणीतरी काडी घालणार हे गृहीत धरून बनवलेला नियम.

त्यातही एक पळवाट उरली होती. दोन्ही स्विचचे संपर्क झिजून चिकटले तर? मग तिसरा आला, मॉनिटर स्विच. हा मुख्य मार्गात नसतो, पाळतीवर असतो. दार उघडताना आधी पहिले दोन सुटतात आणि मग हा जुळतो. ते दोघे खरोखर सुटलेले असतील तर याच्या जुळण्याने काहीच होत नाही. एखादा चिकटून बसला असेल तर याच्यातून थेट शॉर्ट सर्किट होतं आणि आतला फ्यूज उडतो. ओव्हन स्वतःला मारून घेतो, पण दार उघडं असताना चालत नाही. त्यामुळे दार उघडताना मायक्रोवेव्हचा फ्यूज उडाला तर बिचाऱ्या फ्यूजला दोष देऊ नये, तो साक्षीदार आहे. नवा फ्यूज घालण्याआधी तिन्ही स्विच तपासले पाहिजेत. आपल्याकडे फ्यूजच्या जागी जाड तार घातली जाते. मग पुढच्या वेळी तार तग धरते आणि दुसरंच काहीतरी जळतं. (आणि हे तपासणं घरी करू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये दोन हजार व्होल्टच्या आसपासचा साठा राहू शकतो.)

सेल्फ-क्लीनिंग ओव्हन याच सुमाराचा. जनरल इलेक्ट्रिकने १९६३ मध्ये तो पी-७ नावाने बाजारात आणला. त्याचं पेटंट बोहदान हुर्को या अभियंत्याच्या नावावर आहे. घासायचं काही नाही, ओव्हन साधारण ४८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचा, आतली चरबी आणि सांडलेला रस जळून त्याची राख होते, ती पुसून टाकायची. या तापमानाला आत ऑक्सिजन कमी आणि न जळलेला धूर भरपूर असतो. दार उघडलं तर ताजी हवा आत घुसेल आणि धूर भडकेल. म्हणून दाराला मोटरचं कुलूप, आणि आतलं तापमान साधारण ३०० अंशांच्या खाली उतरेपर्यंत ते सुटत नाही. घाई करणाऱ्या माणसाला कुकरसारखंच अडवायचं होतं, पण इथे दाब नव्हता, नुसती उष्णता होती. म्हणून ते काम दोन छोट्या स्विचवर सोपवलं गेलं.

दुर्दैव असं की ज्या उष्णतेसाठी स्विच आहे तीच त्याला खाते. साफसफाईनंतर दुसऱ्याच दिवशी ओव्हन दाराची तक्रार करतो तो त्यामुळे. वायरीच्या टोकाची क्लिप काळी पडलेली असते, किंवा स्विचचं प्लास्टिक किंचित वितळून दांडी अडकलेली असते. नवा घ्यायचा तर जुन्याच्या अंगावरची अक्षरं भिंगाने वाचावीत. १६ अँपिअर, २५० व्होल्ट हे कुणीही बघतं. त्याच्या पुढे टी आणि एक आकडा असतो: टी८५, टी१२५, टी१५०. किती अंशांच्या वातावरणात तो काम करेल, ते हा आकडा सांगतो. टी८५ चा स्विच त्याच भोकांत बसतो, त्याच आवाजात टिक् करतो, स्वस्तही मिळतो, आणि पुढच्या साफसफाईला मरतो. शेजारी ५ई४ असं काही छापलेलं असेल तर त्याचा अर्थ पन्नास हजार उघडझापा.

हा पन्नास हजारांचा आकडा घेऊन राखोलीच्या शेडमध्ये यावं. मोल्डिंगचं एक चक्र तीस सेकंदांचं धरलं तर आठ तासांच्या पाळीत दार ९६० वेळा लागतं. घरगुती स्विच इथे ५२ पाळ्यांत संपेल. तीन पाळ्या चालत असतील तर अठरा दिवसांत. म्हणून कारखान्याचा लिमिट स्विच जाडजूड, रोलर लावलेला आणि लाखो उघडझापांचा असतो. पण 'डायरेक्ट' करायला तोही सोपा. दार लावण्यात जाणारे दोन-तीन सेकंद पीसरेटवरच्या माणसाला पगारातून दिसतात आणि सुपरवायझरला उत्पादनाच्या फळ्यावर दिसतात. रोलर दोरीने दाबून बांधला की दार उघडं ठेवून मशीन चालतं. यात एकटा कामगार बेशिस्त आहे असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. दोरी सगळ्यांना दिसत असते, आणि टार्गेट वरून आलेलं असतं. शिस्तीबद्दल नावाजलेल्या जर्मनीतही २००६ मध्ये अपघात विमा संघटनांनी धातूकामाच्या यंत्रांची पाहणी केली, तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक संरक्षक साधनं कधी ना कधी चुकवली जातात असं निघालं.

यंत्र बनवणाऱ्यांनी यावर एकेक उत्तर काढलं. दाराला दोन लिमिट लावले, एक दार लागल्यावर दाबला जाणारा, दुसरा दार लागल्यावर सुटणारा, म्हणजे एकच बांधला तर गडबड कळते. हायड्रॉलिक तेलाचा मार्ग दारानेच अडवला. दार उघडलं की साच्याच्या मध्ये आडवा पडणारा लोखंडी दांडा बसवला, त्याला वीज लागत नाही की वायर. स्विचच्या आतही बदल झाला. मायक्रोस्विचमध्ये संपर्क सोडवायचं काम स्प्रिंगकडे असतं, आणि संपर्क चिकटला तर स्प्रिंग हरते. सेफ्टी स्विचमध्ये दार स्वतःच्या जोराने संपर्क उचकटून काढतं. अशा स्विचवर वर्तुळात बाण काढलेली खूण असते.

त्यानंतर जिभेसारखी पट्टी आत घालायचा स्विच आला. दारावर पट्टी, चौकटीवर स्विच, पट्टी आत गेली तरच यंत्र चालू. त्याचं उत्तर शेडवर काही आठवड्यांत निघतं: एक जादा पट्टी मागवायची आणि ती कायमची स्विचमध्ये खोचून ठेवायची. २०१३ च्या आयएसओ १४११९ या मानकाने ही गोष्ट सरळ मान्य केली, आणि माणसाला स्विच चुकवावासा का वाटतो, हेही यंत्र आखतानाच तपासायला सांगितलं. आता पट्टीच्या जागी सांकेतिक क्रमांकाची चिप आली आहे. स्विच फक्त आपल्या जोडीच्या चिपला ओळखतो, दुसरी आणून लावली तर दाद देत नाही. मग दारावरची तीच चिप दोन स्क्रू काढून सोडवतात आणि स्विचसमोर टेपने चिकटवतात. म्हणून नव्या चिपांबरोबर एकदाच घट्ट होणारे, उलटे न फिरणारे स्क्रू येतात.